बारावीनंतरचे तीन महिने: भोसरीतल्या एका मुलीचं प्रकरण

भोसरीत एका वाचनालयाच्या माडीवर दर शनिवारी संध्याकाळी मी दोन तास बसते. दहावी-बारावीची मुलं येतात, बरोबर आई-वडील, कधी मामा किंवा काका. तेवीस वर्षं मी कनिष्ठ महाविद्यालयात गणित शिकवते आहे. प्रवेशाच्या दिवसांत मुलं घरी विचारायला यायची, त्यातूनच ही शनिवारची बैठक सुरू झाली.

हे प्रकरण २०२४ सालच्या प्रवेशाचं आहे. मुलीला मी इथे मुक्ता म्हणते, ते तिचं खरं नाव नव्हे. घरचे आणि कामाचे काही तपशील ओळख पटू नये इतपत बदलले आहेत. सरकारी तारखा आणि नियम मात्र होते तसेच ठेवले आहेत, कारण सगळं प्रकरण त्यांच्याभोवतीच फिरलं. लिहिलेलं आधी मुक्ताला आणि तिच्या आईला वाचून दाखवलं. एक परिच्छेद आईने काढायला सांगितला, तो काढला.

पार्श्वभूमी

मुक्ताचे वडील एमआयडीसीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये सीएनसी, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या, मशीनवर ऑपरेटर आहेत. आई दोन मेसना पोळ्या लाटून देते. दोघांचं मिळून महिन्याला सदतीस-अडतीस हजार येतात. धाकटा भाऊ तेव्हा नववीत होता. गाव जुन्नर तालुक्यात, वाटणीत आलेली वीस गुंठे जमीन तिकडे. कुटुंब ओबीसी प्रवर्गातलं. मुक्ता दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली आणि अकरावीला सायन्सला गेल्यावर सगळं एकदम इंग्रजीत आलं.

बारावीचा निकाल २१ मे २०२४ ला लागला. तिला ६८ टक्के पडले. इंजिनिअरिंगच्या प्रवेशपरीक्षेचा, म्हणजे सीईटीचा, निकाल १६ जूनला आला, त्यात ८२ पर्सेंटाइल. वडिलांनी ते ८२ टक्के समजून शॉपमध्ये पेढे वाटले. शनिवारी मला त्यांना समजावून सांगावं लागलं की शंभरातल्या ब्याऐंशी मुलांना तिच्याइतके किंवा तिच्याहून कमी गुण आहेत, एवढाच याचा अर्थ. राज्यभरातून लाखो मुलं ही परीक्षा देतात, म्हणजे उरलेले अठरा टक्के हीसुद्धा मोठीच रांग होते. आणि इंजिनिअरिंगच्या यादीत क्रम लागतो तो सीईटीवर. बारावीचे गुण ठरावीक विषयांत खुल्या वर्गाला ४५ आणि राखीव वर्गाला ४० टक्के आहेत ना, एवढं पाहण्यापुरतेच. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मग मॅडम, पेढे चुकलेच म्हणायचे." मी म्हटलं, पोरगी बारावी पास झाली, पेढे कसे चुकतील?

त्याच दिवशी मुक्ताच्या पिशवीतून एक दोनशे पानी वही बाहेर आली. मी तिला सहज विचारलं होतं की अभ्यासाशिवाय तू काय करतेस, तर ती म्हणाली, "पप्पांची वही लिहिते."

वर्कशॉपमध्ये वडील लोखंडी बुश, म्हणजे मधे भोक असलेल्या छोट्या नळ्या, बनवतात. त्यातलं आतलं भोक ठरल्या मापाचं लागतं. माप चुकलं की जॉब बाद, आणि बाद जॉब वाढले की महिन्याचा इन्सेंटिव्ह कापला जातो. दोष आपला की मशीनचा हे सांगता यावं म्हणून वडील शिफ्टमध्ये चिठ्ठ्या लिहून आणायचे: कितव्या तासाला किती जॉब बाद, इन्सर्ट (धातू कापणारं पातं) कधी बदलला, ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) कुणी आणि किती दिला. अकरावीपासून मुक्ता त्या चिठ्ठ्या वहीत उतरवत होती. तारीख, शिफ्ट, तास, बाद जॉब, शेरा असे आखलेले रकाने. भोक लहान पडलं तर निळी शाई, मोठं पडलं तर लाल. निळे जॉब पुन्हा मशीनवर लावून वाचवता येतात, लाल सरळ भंगारात.

वहीच्या मध्यावर एका पानाच्या तळाशी तिने लिहिलं होतं: "लाल जॉब इन्सर्ट झिजल्यावर येत नाहीत. ऑफसेट दिल्यावर येतात."

मी ते वाक्य दोनदा वाचलं. इन्सर्ट झिजला की भोक हळूहळू लहान व्हायला लागतं. एखादा जॉब लहान दिसला की सुपरवायझर घाईने ऑफसेट देतो, कधी गरजेपेक्षा जास्त देतो, आणि पुढचे दोन-चार जॉब मोठे होऊन भंगारात जातात. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. वडिलांच्या हाताला ते ठाऊक होतंच, पण तिने ते आकड्यांत पकडलं होतं.

प्रश्न नेमका काय होता

घरात प्रश्न एकाच शब्दात मांडला जात होता: कॉम्प्युटर. मुक्ताचा मामा हिंजवडीत एका कंपनीत सपोर्टला आहे. घरातला पहिला पगारदार शिकलेला माणूस, त्यामुळे त्याचा शब्द जड. त्याचं म्हणणं होतं, "ब्रँच कॉम्प्युटर नाहीतर आयटी, कॉलेज कुठलंही चालेल." त्या वर्षी हे म्हणायला आधारही दिसत होता. एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेने, २०२४-२५ पासून चांगल्या संस्थांसाठी शाखानिहाय जागांवरची वरची मर्यादा काढली होती आणि कॉम्प्युटरच्या जागा वाढत होत्या. जागा वाढल्या म्हणून त्या सगळ्यांना शिकवणारे शिक्षक आणि पुढे नोकऱ्याही त्याच प्रमाणात वाढतील का, हे मामाने विचारलं नव्हतं आणि वडिलांना विचारायचं सुचलं नव्हतं.

मुक्ता या चर्चेत काहीच बोलत नव्हती. मी थेट विचारलं तेव्हा म्हणाली, "मला कॉम्प्युटर नको असं नाही. पण तिथे दिवसभर काय करतात ते मला माहीत नाही." अठरा वर्षांच्या मुलीचं याहून प्रामाणिक उत्तर मी ऐकलेलं नाही. बीई कॉम्प्युटर झालेला माणूस सकाळी दहाला खुर्चीत बसतो तेव्हा त्याच्यासमोर काय असतं, हे त्या घरात फक्त मामा सांगू शकत होता. त्याने ते कधी सांगितलं नव्हतं. पगार तेवढा सांगितला होता.

समोर असलेले पर्याय

कॅप राउंडमधून, म्हणजे शासनाच्या केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून, इंजिनिअरिंग. तिच्या पर्सेंटाइलला घरापासून जाऊन-येऊन करता येईल अशा कॉलेजांत कॉम्प्युटर मिळणं अवघड होतं. मेकॅनिकल किंवा तशा शाखा मिळण्यासारख्या होत्या.

मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटर. यावर खाली सविस्तर लिहिलं आहे.

बी.एस्सी. स्टॅटिस्टिक्स. पुण्यात फर्ग्युसन, एस. पी., मॉडर्न अशा जुन्या कॉलेजांत हा विषय आहे, अनुदानित तुकडीची फी त्या घराला झेपणारी होती. नव्या शैक्षणिक धोरणानुसार तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स. पुढे एम.एस्सी., यूपीएससीची इंडियन स्टॅटिस्टिकल सर्व्हिस, विमा क्षेत्रातल्या ॲक्च्युअरीच्या (जोखमीचा हिशेब करणाऱ्याच्या) परीक्षा, कंपन्यांतलं डेटाचं आणि क्वालिटीचं काम.

बीसीए. हा रस्ता एका तारखेने बंद झाला होता. २०२४ पासून बीसीए-बीबीए एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांच्यासाठी वेगळी सीईटी सुरू झाली. ती मे महिन्यात होऊन गेली होती. मुक्ताने अर्जच भरला नव्हता, कारण आधीच्या वर्षापर्यंत बीसीएला बारावीच्या गुणांवर प्रवेश मिळायचा आणि हा बदल तिच्या वर्गात कुणी सांगितला नव्हता. जागा रिकाम्या राहिल्याने ऑगस्टमध्ये पुन्हा एक सीईटी झाली, पण तोवर तिचा विचार दुसरीकडे गेला होता. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सला ही सीईटी नव्हती, तो पर्याय यादीत राहिला.

बारावी सायन्सवर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, हेही मी सांगितलं. आणि एक वर्ष थांबून सीईटी पुन्हा देणं. या दोन्हींवर पाच मिनिटंही बोलणं झालं नाही. आई म्हणाली, "थांबायचं नाही बाई. आमच्याकडे पोरगी थांबली की स्थळं यायला लागतात." यावर वाद घालण्याचा अधिकार मला वाटला नाही.

निर्णयाचं पहिलं वळण: जूनमधली जागा

बी.एस्सी.च्या याद्या जूनमध्येच लागतात. इंजिनिअरिंगची कॅप प्रक्रिया त्या वर्षी ऑगस्टपर्यंत लांबली. इंजिनिअरिंगची वाट पाहत बसलं तर बी.एस्सी.ची जागा जाते, आणि बी.एस्सी. घेतली तर "मग इंजिनिअरिंग सोडलं का?" असं घर विचारतं. बहुतेक कुटुंबं इथेच अडकतात.

माझा सल्ला होता की बी.एस्सी.ची फी भरून जागा धरून ठेवा. त्या वर्षी यूजीसीने सांगितलं होतं की ३० सप्टेंबर २०२४ पर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत द्यायची, आणि ३१ ऑक्टोबरपर्यंत केला तर जास्तीत जास्त हजार रुपये कापायचे. ते परिपत्रक मी छापून दिलं. वडिलांना छापील कागदाने धीर येतो, हे मला तेव्हा कळलं. मूळ दाखला कॉलेजात जमा करण्याआधी सगळे कागद स्कॅन करून ठेवायला लावले, कारण कॅपच्या ऑनलाइन पडताळणीला ते लागणार होते.

त्याच आठवड्यात सगळ्यात महत्त्वाचा कागद मिळवला: नॉन-क्रीमिलेअर, म्हणजे ओबीसी कुटुंबाचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला. घरात होता त्याची मुदत ३१ मार्चलाच संपली होती. वडील एक दिवस रजा टाकून उत्पन्नाचे पुरावे घेऊन सेतू केंद्रावर गेले. पावती मिळाली त्या दिवशी मुक्ताने ती वहीत मधल्या पानात ठेवली.

दुसरं वळण: बिनपावतीचे अडीच लाख

जुलैच्या सुरुवातीला मामाच्या ओळखीने एक एजंट घरी आला. एका खासगी कॉलेजात मॅनेजमेंट कोट्यातून कॉम्प्युटरची जागा "करून देतो" म्हणाला. वर्षाची फी दीड लाखाच्या वर, शिवाय एकदाचे अडीच लाख रोख, पावती नाही. वडिलांनी गावच्या वीस गुंठ्यांचा भाव काढायला सुरुवात केली होती.

महाराष्ट्रात कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशासाठी ठरलेल्या फीवर वेगळी रक्कम, घ्यायला १९८७ च्या कायद्यानेच बंदी आहे. मी ते सांगितलं, पण एजंटवर विश्वास ठेवणाऱ्या माणसाला कायदा सांगून फार उपयोग होत नाही. उपयोग झाला तो ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाचा. आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतल्या ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल), एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क आता निम्म्याऐवजी पूर्ण माफ होणार होतं. अट अशी की प्रवेश शासनाच्या केंद्रीय प्रक्रियेतून हवा. मॅनेजमेंट कोट्याला ही सवलत नाही.

शनिवारी टेबलावर कागद घेऊन आम्ही हिशेब मांडला. एका बाजूला चार वर्षांचे सहा-सात लाख आणि वर बिनपावतीचे अडीच. दुसऱ्या बाजूला कॅपमधून मिळेल ती शाखा, शिक्षण शुल्क शून्य. वडील कागदाकडे बघत होते. बोलली ती आई: "जमीन विकून जी जागा घ्यायची, तिथे पोरगी नापास झाली तर तिला घरी यायचीही भीती वाटेल." एजंटला त्या रात्री नको म्हणून कळवलं.

तिसरं वळण: ऑप्शन फॉर्मची पहिली ओळ

कॅपचा ऑप्शन फॉर्म भरायला मुलगी वडिलांबरोबर सायबर कॅफेत गेली. तिथल्या मुलाने मागच्या वर्षीचे कटऑफ बघून पटापट यादी लावून दिली. पहिल्या क्रमांकावर घरापासून साठ किलोमीटरवरच्या एका कॉलेजातलं कॉम्प्युटर, "हे शंभर टक्के मिळतंय."

त्या वर्षीच्या नियमानुसार पहिल्या क्रमांकाचा पर्याय मिळाला की जागा आपोआप फ्रीझ व्हायची, पुढच्या फेरीत जाता येत नव्हतं. मुक्ताला हे ठाऊक होतं, मी दोनदा सांगितलं होतं. तिने यादी कन्फर्म करू दिली नाही, घरी आणली. रात्री तिने आणि वडिलांनी बसून ती पुन्हा लावली. पद्धत तिची स्वतःची होती: प्रत्येक कॉलेजसमोर बस किंवा मेट्रोने लागणारी मिनिटं लिहिली, सव्वा तासाच्या वरचं सगळं खोडलं. वरच्या तीन जागा मामाच्या समाधानासाठी जवळच्या कॉलेजांतलं कॉम्प्युटर, मिळणार नाही हे माहीत असूनही. चौथ्या जागेपासून मेकॅनिकल.

मेकॅनिकल का, असं मी विचारलं. "वहीतलं सगळं तिथेच आहे ना मॅडम."

चौथं वळण: फीची खिडकी

ऑगस्टच्या मध्यावर पहिली फेरी जाहीर झाली. तिला चौथा पर्याय मिळाला: मेकॅनिकल, घरापासून पाऊण तास. मला वाटलं होतं त्याहून ती खूश झाली. तोपर्यंत बी.एस्सी.चे वर्ग महिनाभर सुरू होते आणि तिथेही तिचं मन लागायला लागलं होतं, पण फोनवर तिचा आवाज वेगळा होता.

आता दोन मार्ग होते. हजार रुपये भरून जागा स्वीकारायची आणि फ्रीझ करायची, म्हणजे मुदतीत कॉलेजात जाऊन प्रवेश पक्का करायचा. किंवा हजार रुपये भरून जागा हातात ठेवायची आणि बेटरमेंट घेऊन पुढच्या फेरीची वाट बघायची. मी म्हटलं, "आवडलंय ना, मग फ्रीझ कर." तिने केलं.

मुदत तीन दिवसांची. वडिलांना रजा मिळाली नाही. मुक्ता आणि आई सगळी कागदपत्रं घेऊन कॉलेजात गेल्या. खिडकीवरच्या बाईंनी सांगितलं, पूर्ण शिक्षण शुल्क आत्ता भरा, सरकारकडून आलं की परत मिळेल. रक्कम एक लाखाच्या वर. शासन निर्णयाचा कागद पुढे केला तर उत्तर आलं, "आम्हाला वरून लेखी आलेलं नाही." आईने मला फोन केला. मी चाचणी परीक्षेच्या पर्यवेक्षणावर होते, फोन बंद. संध्याकाळी पाचला सहा मिस्ड कॉल दिसले.

दुसऱ्या दिवशी मी फोनवर सांगितलं की प्राचार्यांना भेटा, लेखी अर्ज द्या. त्या गेल्या. प्राचार्य नव्हते. अर्ज घेतला, पण पोच दिली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी आईने दागिने मोडायची भाषा केली आणि मुक्ताने नकार दिला. मुदत संपली.

सोमवारी ती बी.एस्सी.च्या वर्गात परत गेली.

पुढे काय झालं

पहिलं सत्र जड गेलं. प्रोबॅबिलिटीच्या पहिल्या अंतर्गत परीक्षेत तिला वीसपैकी सहा मिळाले. अडचण गणिताची नव्हती, प्रश्नातल्या इंग्रजीची होती. 'ॲट लीस्ट' आणि 'ॲट मोस्ट' यांत ती गोंधळायची. मी तिला तीस प्रश्न मराठीत करून दिले, तिने त्यांचं पुन्हा इंग्रजी केलं आणि मग उत्तरं काढली. डिसेंबरपर्यंत गाडी रुळावर आली.

नाशिक फाट्यावरून शिवाजीनगरपर्यंत मेट्रोने जाते. विद्यार्थ्यांना तिकिटात ३० टक्के सवलत आहे, तेवढीच मदत. प्रवासात वाचते. मेट्रोचा एसी तिला घरच्या खोलीपेक्षा बरा वाटतो.

दुसऱ्या वर्षी प्रकल्प करायचा होता. तिने वडिलांच्या शॉपच्या मालकांकडे परवानगी मागितली. एका मशीनवर दर तासाला सलग पाच जॉब मोजायचे, त्यांची सरासरी आणि फरक आलेखावर टिंबांनी मांडायचे, वर-खाली मर्यादेच्या रेषा आखायच्या. हा कंट्रोल चार्ट, वॉल्टर शुहार्ट या माणसाने १९२४ साली मांडलेला. टिंब रेषेच्या आत असेल तोवर मशीनला हात लावू नका, हे त्यातलं मुख्य सांगणं. एखादा जॉब जरा इकडे-तिकडे होणारच. प्रत्येक जॉबला ऑफसेट देत बसलं तर गडबड वाढते. मुक्ताने अकरावीत वहीच्या तळाशी जे लिहिलं होतं, त्याला पुस्तकात नाव होतं आणि शंभर वर्षांचं वय होतं. ते तिने मला सांगितलं त्या संध्याकाळी ती जिना दोन-दोन पायऱ्या करत चढून आली होती.

मालकांनी त्या मशीनवर तीन आठवडे ऑफसेटचा नियम पाळून बघितला. शिफ्टला सरासरी नऊच्या आसपास असलेले लाल जॉब चारवर आले. एक मशीन आणि तीन आठवडे, एवढ्यावरून फार काही म्हणता येत नाही, आणि अहवालात तिने स्वतःच तसं लिहिलं. सुपरवायझरला ते आवडलं नाही. वडिलांना त्यानंतर काही दिवस दुसऱ्या मशीनवर टाकलं होतं. याचं तिला वाईट वाटतं.

किंमतही मोजावी लागते आहे. या उन्हाळ्यात तिने अकरा ठिकाणी इंटर्नशिपचे अर्ज केले, दोन ठिकाणांहून उत्तर आलं. क्वालिटी विभागाच्या दोन अर्जांत शिक्षणाच्या रकान्यात बीई, बीटेक आणि डिप्लोमा एवढेच पर्याय होते. बी.एस्सी. निवडताच येत नव्हतं. ज्या कामाची तिला जाण आहे, त्याच कामाच्या दारावर पदवीचं नाव आडवं येतं.

काय वेगळं करता आलं असतं

फ्रीझ करायला सांगणं ही माझी चूक होती. बेटरमेंट घेतलं असतं तर जागा हातात राहून दुसऱ्या फेरीपर्यंत वेळ मिळाला असता. शासन निर्णय नवा होता, कॉलेजांपर्यंत तो नीट पोचायचा होता, आणि अशा वेळी दोन आठवडे फार मोलाचे असतात. मुलीला जागा आवडली या आनंदात मी फक्त आवडीचा विचार केला, खिडकीचा केला नाही.

दुसऱ्या दिवशी मी फोनवर बोलण्याऐवजी त्यांच्याबरोबर जायला हवं होतं. एक रजा टाकायची होती. पोळ्या लाटून आलेली बाई आणि अठरा वर्षांची मुलगी यांना ज्या खिडकीवरून परत पाठवलं, तिथे एखादी शिक्षिका उभी असती तर निदान अर्जाची पोच मिळाली असती. हे मला खात्रीने वाटतं आणि त्याचा मला राग आहे, त्या खिडकीचाही आणि माझाही.

तिसरी गोष्ट सांगायला अवघड आहे. मी गणिताची शिक्षिका. वही पाहिल्यापासून माझ्या मनात स्टॅटिस्टिक्स होतं. मेकॅनिकलची जागा गेली तेव्हा मला वाईट वाटलं, पण जितकं वाटायला हवं होतं तितकं वाटलं नाही. "बी.एस्सी. आहेच की" हे वाक्य मी त्या दोन दिवसांत तीनदा म्हटलं असेन. मुक्ताला त्यातून काय ऐकू आलं असेल? तिने बी.एस्सी. निवडलं असं आम्ही सगळे आता म्हणतो. खरं तर दोन दारं उघडी असताना तिला निवडायचं होतं, आणि त्यातलं एक तिच्या तोंडावर बंद झालं. सल्ला देणाऱ्याचं काम दार दाखवण्यापेक्षा ते मुलीचं ठरेपर्यंत उघडं धरून ठेवण्याचं जास्त असतं. जूनमध्ये फी, दाखला आणि नॉन-क्रीमिलेअर या बाबतींत मी ते केलं. ऑगस्टमध्ये केलं नाही.

बीसीएच्या सीईटीचं मार्चमध्येच कळायला हवं होतं. त्या वर्षापासून मी जानेवारीत बारावीच्या सगळ्या तुकड्यांत फिरून त्या वर्षीच्या सीईटींची यादी फळ्यावर लिहून येते. तारखा मुलांनी वहीत उतरवून घ्यायच्या, मोबाइलवर फोटो काढायचा नाही.

मामाला आधी बोलवायला हवं होतं. पुढच्या दिवाळीत तो स्वतःहून आला आणि दोन तास बसला. त्याच्या कामाचा दिवस कसा जातो, रात्रपाळीत तिकिटं, म्हणजे तक्रारी, कशी येतात, हे त्याने मुक्ताला सविस्तर सांगितलं. मे महिन्यात हे बोलणं झालं असतं तर "तिथे दिवसभर काय करतात" या तिच्या प्रश्नाला कुणाकडून तरी उत्तर मिळालं असतं.

आत्ताची स्थिती

जून २०२६. दुसरं वर्ष संपलं. तिचा सीजीपीए ७.३ आहे. चौथ्या वर्षी संशोधनासह ऑनर्स करायचं तर साडेसात लागतो, म्हणजे तिसऱ्या वर्षात थोडं वर जावं लागेल. चार वर्षांची पदवी झाली तर एम.एस्सी. एका वर्षात होऊ शकते. तीन वर्षांवर थांबली तर एम.एस्सी.ला दोन वर्षं. आणि बारावीला गणित असलेल्या बी.एस्सी. पदवीधराला इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो, तो मार्गही आहे. जागा आधी डिप्लोमावाल्यांना मिळतात, उरल्या तर पुढे.

गेल्या शनिवारी ती आली ती या शेवटच्या मार्गाबद्दल विचारायला. मेकॅनिकल अजून तिच्या मनातून गेलेलं नाही. शुल्कमाफी त्या प्रवेशाला लागू होईल का, हे तिला लेखी हवं आहे. तिने अर्ज लिहून आणला होता, मी दोन ठिकाणी दुरुस्त केला. वडील खाली गाडीपाशी थांबले होते, नंतर वर आले. म्हणाले, "मॅडम, अर्ज घेऊन सोमवारी मी जाणार. रजा मागितली नाही, सांगितली." मी माझी रजाही सोमवारची टाकली आहे. सकाळी साडेनऊला नाशिक फाट्याच्या स्टेशनवर भेटायचं ठरलं आहे.